पर्स संघाची, झळ तळाला

३१ ऑक्टोबर २०२४ ला मुंबई इंडियन्सने कायम ठेवलेल्या खेळाडूंची यादी जाहीर केली. जसप्रीत बुमराह १८ कोटी, सूर्यकुमार यादव १६.३५, हार्दिक पंड्या १६.३५, रोहित शर्मा १६.३० आणि तिलक वर्मा ८ कोटी. मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडा आणि बेरीज करा. बरोबर ७५ कोटी. एक रुपया इकडे नाही, तिकडे नाही.

दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला असा गोळाबेरीज आकडा दिसला की संशय येतो. सोळा कोटींच्या माणसाला पाच लाख कमी का? कारण बेरीज ७५ वरच थांबवायची होती. तो आकडा खेळाडूंकडे बघून आलेला नव्हता, नियमाकडे बघून आलेला होता.

नियम असा होता. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला खेळाडू जमवायला १२० कोटींची मर्यादा. यालाच आपण सगळे ‘पर्स’ म्हणतो. लिलावाआधी आंतरराष्ट्रीय सामने खेळलेले पाच खेळाडू राखायचे तर १८, १४, ११, १८ आणि १४ असे मिळून ७५ कोटी पर्समधून वजा होणार. ते पाच जणांत कसे वाटायचे हे संघाने ठरवावं. हैदराबादने त्याच ७५ कोटींतून हेन्रिक क्लासेनला २३ दिले आणि नितीश रेड्डीला ६. पण तुम्ही कमी दिले तरी कापले जाणार ७५ च. म्हणजे आपलीच माणसं आपल्याकडे ठेवायची तर बाजार उघडण्याआधीच खिसा मोठ्या प्रमाणात रिकामा करावा लागतो.

उरले ४५ कोटी. ते घेऊन मुंबई २४ आणि २५ नोव्हेंबरला जेद्दाच्या लिलावात बसली आणि १८ खेळाडू घेऊन उठली. ट्रेंट बोल्ट १२.५० कोटी, दीपक चहर ९.२५, नमन धीर आणि विल जॅक्स प्रत्येकी ५.२५, अल्लाह गझनफर ४.८०. या पाच जणांतच ३७ कोटी ५ लाख गेले. बाकीच्या १३ खेळाडूंना मिळून किती? ७ कोटी ७५ लाख. तेरा माणसांचा पगार एकट्या तिलक वर्माच्या पगारापेक्षा कमी. आणि त्या तेरांतले सात जण ३० लाखांचे, म्हणजे लिलावातली सगळ्यात खालची पायरी.

मग हंगाम सुरू झाला. २३ मार्च २०२५ ला चेन्नईत विघ्नेश पुथुर नावाचा मलप्पुरमचा पोरगा, रिक्षाचालकाचा मुलगा, पहिल्याच सामन्यात ३ बळी घेऊन गेला. आठ दिवसांनी वानखेडेवर अश्वनी कुमारने पदार्पणात कोलकात्याचे ४ फलंदाज बाद केले. दोघेही त्या सात जणांतले, ३० लाखांचे. त्याच्या आदल्या वर्षी तळाला गेलेली मुंबई त्या वर्षी चौथी आली.

ही सगळी बेरीज-वजाबाकी मी हौसेने करतो, हे खरं. पण त्यामागे एक प्रश्न आहे, जो मला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पडला आणि अमेरिकेतल्या एका जुन्या प्रकरणाने पक्का झाला. पगाराला मर्यादा लावतात ती कुणासाठी? आणि ती मोडली तर शिक्षा नेमकी कुणाला होते?

आधी मर्यादेच्या बाजूने बोलू, कारण तिची बाजू लंगडी नाही. पर्स नसती तर ज्याचा मालक सगळ्यात श्रीमंत, तो संघ सगळेच चांगले खेळाडू घेऊन गेला असता. मर्यादा असतानाही मुंबईने २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदं घेतली. नसती तर काय झालं असतं! उलट २०२२ ला गुजरात, २०२३ ला चेन्नई, २०२४ ला कोलकाता आणि २०२५ ला बंगळुरू. चार वर्षांत चार वेगळे विजेते. सामना सुरू होण्याआधी निकाल माहीत नसतो म्हणून आपण बघतो, आणि त्यात पर्सचा वाटा आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही बघा. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. वर्षाला साधारण ९,६७८ कोटी. २०२५ मध्ये मॅच फी वगैरे सगळं धरून एका संघाची खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा १४६ कोटी होती. दहा संघांचे १,४६० कोटी. म्हणजे तिकिटं, जर्सी, जाहिराती सगळं सोडून नुसत्या प्रक्षेपणाच्या पैशांशी तुलना केली तरी मैदानात घाम गाळणाऱ्यांचा वाटा रुपयातले पंधरा पैसे. अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, २०११ च्या कराराने हा वाटा एकूण उत्पन्नाच्या किमान ४७ टक्के ठरला. फरक कशाचा? तिथे मर्यादा ठरवताना टेबलाच्या पलीकडे खेळाडूंची संघटना बसलेली असते. आपल्याकडे २०१९ मध्ये क्रिकेटपटूंची संघटना झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची.

मात्र संघटना असली म्हणजे सगळं भागलं असंही नाही. त्यासाठी ते अमेरिकेतलं प्रकरण ऐका.

तिथे करार संपलेला खेळाडू हव्या त्या संघाशी सौदा करू शकतो. याला ‘फ्री एजन्सी’ म्हणतात आणि हा बाजार दरवर्षी मार्चमध्ये उघडतो. २०१० हे वर्ष तिथे अपवादाचं होतं. मालक आणि खेळाडूंचा जुना करार संपत आलेला, म्हणून त्या एका हंगामात पगाराला मर्यादाच नव्हती. वॉशिंग्टन आणि डॅलस या दोन संघांनी डोकं चालवलं. मोठ्या खेळाडूंच्या करारातला मोठा हिस्सा त्याच वर्षात दाखवून टाकला, म्हणजे पुढच्या वर्षांत मर्यादा परत आली की खिसा मोकळा. लीगने हे करार मंजूरही केले.

दोन वर्षांनी, १२ मार्च २०१२ ला, बाजार उघडायच्या आदल्या दिवशी बातमी आली. वॉशिंग्टनच्या मर्यादेतून ३ कोटी ६० लाख डॉलर आणि डॅलसच्या मर्यादेतून १ कोटी डॉलर दोन वर्षांत मिळून कापले जाणार. त्या वर्षीची एकूण मर्यादा १२ कोटी ६ लाख डॉलर होती. त्यावरून घाव किती खोल ते समजेल. लीगचं म्हणणं, आम्ही ताकीद दिली होती. संघांचं म्हणणं, जे नियमात लिहिलेलंच नाही ते मोडलं कसं? दाद मागितली, ती मे महिन्यात लवादाने फेटाळली. कापलेली रक्कम इतर २८ संघांच्या मर्यादेत प्रत्येकी १६ लाख डॉलर अशी वाढवून दिली. आणि खेळाडूंच्या संघटनेने या शिक्षेवर सही केली होती, कारण नाहीतर त्या वर्षाची सगळ्याच संघांची मर्यादा खाली येण्याची भीती होती.

थोडं थांबून गुन्हा काय होता ते बघा. कामगारांना नको तेव्हा नको तितके पैसे दिले, हा गुन्हा. आणि शिक्षा? मालकाने एक डॉलरही दंड भरायचा नव्हता. फक्त पुढची दोन वर्षं त्याने खेळाडूंवर कमी खर्च करायचा.

वॉशिंग्टनने मग काय केलं? बाजार उघडताच पियर गार्सोन नावाचा एक महागडा खेळाडू घेतला खरा, पण भिस्त ठेवली नव्या, स्वस्त पोरांवर. रॉबर्ट ग्रिफिन हा नवा क्वार्टरबॅक आला. नवख्यांचे पगार तिथे ठरलेल्या कोष्टकाने मिळतात. सहाव्या फेरीत निवडलेल्या आल्फ्रेड मॉरिसने किमान पगाराच्या आसपास काम करत १,६१३ यार्ड पळून दाखवले. संघ १० सामने जिंकला, ६ हरला आणि ३० डिसेंबर २०१२ ला, शिक्षेतला आपलाच जोडीदार असलेल्या डॅलसला हरवून गटात पहिला आला. सगळे म्हणाले, बघा, शिक्षा पचवली! पुढच्या हंगामात तोच संघ ३ जिंकला आणि १३ हरला. मधल्या काळात २०१३ च्या मार्चमध्ये डीअँजेलो हॉल या बचावपटूला संघाने सोडलं आणि काही आठवड्यांत कमी पैशांत परत घेतलं. ज्या करारांवरून हे रामायण घडलं, त्यातला एक करार याच हॉलचा होता. करार संघाने लिहिला, लीगने मंजूर केला आणि पगार कमी झाला हॉलचा.

हे वाचलं तेव्हा मला परदेशातलं काही वाचतोय असं वाटलंच नाही. कारण हेच मी आमच्या तालुक्यातल्या टेनिस बॉल लीगमध्ये बघितलेलं होतं.

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्यात आता अशी लीग असते. मंडप, माईक, पांढऱ्या बोर्डवर नावं आणि ‘पॉइंट’चा लिलाव. आमच्याकडे आठ संघ, प्रत्येकाला १ लाख पॉइंट आणि पॉइंटमागे एक रुपया. दोन ‘आयकॉन’ खेळाडू, त्यांचे प्रत्येकी २० हजार ठरलेले. शिवाय एक गाव कोटा: संघाचे चार खेळाडू गावातलेच पाहिजेत. त्यांच्यावर दुसरा संघ बोली लावू शकत नाही. संघ देईल तो पॉइंट.

आमच्या संघाचे मालक कृषी केंद्रवाले. एका वर्षी त्यांनी नागपूरकडचा एक फटकेबाज आणला आणि पॉइंटच्या बाहेर, पाकिटातून पैसे दिले. गोष्ट फुटली. पुढच्या वर्षी लिलावाच्या आदल्या रात्री अकरा वाजता ग्रुपवर मेसेज आला: या संघाचे ३० हजार पॉइंट कमी. ना चर्चा, ना सुनावणी. मी पुण्यात बसून संघाची एक्सेल शीट सांभाळायचो, म्हणून मला फोन. “भाऊ, काहीतरी बसव.”

बसवायला काय असतं? ७० हजारांतून आयकॉनचे ४० हजार हलत नाहीत, ते नियमाने ठरलेले. मंडपात ज्यांची बोली लागते त्यांचा भाव आपल्या हातात नसतो. कमी बोललात तर ते दुसरीकडे जातात. उरतो कोणता रकाना? गाव कोटा. जिथे स्पर्धा नाही, तिथेच कापता येतं. मालकांनी तिथेच कापलं. माझा शाळेतला मित्र, डावखुरा फिरकीपटू, आदल्या वर्षी ९ हजारांचा होता. त्या वर्षी १,५०० चा झाला. कामगिरी खालावली नव्हती, उलट विकेट वाढल्या होत्या. हंगामात तो जिनिंगमध्ये कामाला जातो; लीगच्या पैशांतून बुटांचा आणि वर्षभराच्या पेट्रोलचा खर्च निघायचा. तो मला फोनवर एवढंच म्हणाला, “चूक त्याईची, पॉइंट कापले संघाचे, अन् कमी झाले माहे.”

आणि मालकांचं? एक लाखाऐवजी सत्तर हजारांत संघ उभा राहिला. शिक्षा झाली आणि खिशात तीस हजार वाचले.

बोली न लागणाऱ्याचा भाव पडतो, हे आमच्या भागात कुणी नव्याने सांगायची गरज नाही. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस सरकारी खरेदी केंद्रावरच घालायचा, बाहेर विकायला बंदी. आमचं गाव पांढरकवड्याच्या बाजूला. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, तेव्हाचा आंध्र. पलीकडे भाव चढा असला की लोक रात्री कापूस नदीपार न्यायचे आणि स्वतः पिकवलेला माल विकताना चोरासारखे वागायचे. आजोबा हे सांगताना न्याय सोडत नसत. भाव कोसळलेल्या वर्षी याच योजनेने तारलं, हेही ते सांगायचे. पण त्यांचा एक मुद्दा पक्का होता: भाव ठरवणाऱ्यांत आपला माणूस पाहिजे, नाहीतर आधार कोणता आणि दावण कोणती हे कळत नाही.

आयपीएलमध्ये नदीपार जायचा प्रयत्न एकाने केला होता. रवींद्र जडेजाने. राजस्थानशी कराराचं नूतनीकरण न करता तो दुसऱ्या संघाशी थेट बोलला, म्हणून त्याला २०१० चा पूर्ण हंगाम बाहेर बसावं लागलं. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. संघांना मात्र नदीपार जायला पूल बांधून दिलेला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने कॅमेरॉन ग्रीनला साडेसतरा कोटींना बंगळुरूकडे दिलं आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत १५ कोटींचा हार्दिक पंड्या गुजरातहून आणला. ते कायदेशीर आहे. त्याला ‘ट्रेड’ म्हणतात.

मी हिंजवडीत नोकरी करतो. पगारवाढीच्या महिन्यात आमच्याकडेही एक पर्स असते, ‘बजेट’ नावाची. ज्याला दुसरीकडची ऑफर आली त्याला थांबवायला त्यातला मोठा घास जातो आणि नुकत्याच लागलेल्या पोरांना सांगितलं जातं, या वर्षी टाईट आहे. पण त्यांच्या आणि माझ्या हातात एक गोष्ट आहे. नव्वद दिवसांची नोटीस देऊन आम्ही दारातून बाहेर पडू शकतो. माझ्या मित्राला गाव कोटा सोडून कुठे जाता येत नाही. ३० लाखांच्या खेळाडूलाही कुठला संघ हवा हे विचारलं जात नाही.

म्हणून माझं म्हणणं मर्यादा काढून टाका असं नाही. मर्यादा राहू दे. पण ती मोडणाऱ्याला शिक्षा करायची तर मालकाच्या खिशातून दंड घ्या. खेळाडूंच्या वाट्याच्या पैशाला कात्री लावू नका. वरच्या पाचांचा आकडा वाढतो तेव्हा तळाची पायरीही त्याच प्रमाणात वर सरकली पाहिजे. आणि हे ठरवताना खेळत असलेला माणूस खोलीत पाहिजे, फक्त निवृत्त झालेला नाही.

१६ डिसेंबर २०२५ ला अबू धाबीत पुन्हा लिलाव झाला. कोलकात्याने ग्रीनसाठी २५ कोटी २० लाख मोजले. पण परदेशी खेळाडूला या लिलावात १८ कोटींहून जास्त मिळणार नाहीत असा नियम असल्यामुळे वरचे ७ कोटी २० लाख बीसीसीआयच्या खेळाडू कल्याणासाठी गेले. कोलकात्याच्या पर्समधून मात्र पूर्ण २५.२० कोटीच वजा. कल्याण चांगलंच आहे. फक्त ते कुठल्या खेळाडूचं आणि कसं होतं, हे एखाद्या ३० लाखवाल्याला विचारायला मला आवडेल.

त्याच दिवशी मुंबईकडे पाच जागा होत्या आणि शिल्लक होती २ कोटी ७५ लाख, सगळ्या संघांत कमी. एक कोटीला क्विंटन डी कॉक आला. उरलेले चार जण ३०-३० लाखांचे. त्यातला एक आपला, विदर्भाचा दानिश मालेवार. फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूरला केरळविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात त्याने १५३ धावा केल्या होत्या आणि ऑगस्टमध्ये दुलीप करंडकाच्या पदार्पणात द्विशतक. त्याला मूळ किमतीवर एक पैसाही का मिळाला नाही, याची कारणं बरीच असतील. वीस षटकांचा खेळ वेगळा असतो, हेही एक. पण त्याच्यासाठी हात वर करणाऱ्या संघाच्या खिशात त्या सकाळीच फारसं काही उरलेलं नव्हतं, हेही खरं.

पुढच्या लिलावात पहिल्या तासाला कुणाला पंचवीस कोटी मिळाले हे सगळीकडून तुमच्या मोबाईलवर आदळेलच. तुम्ही शेवटचा अर्धा तास बघा. तेव्हा नावं भराभर पुकारली जातात, समालोचक दमलेले असतात, आणि ३० लाखांवर हातोडा पडत जातो. आमच्या तालुक्यातला कुणी त्या यादीत पोचलाच, तर बहुतेक त्याच अर्ध्या तासात त्याचं नाव येईल.